अळंबीच्या खोलीतील मुरकुटे



या नाताळ अंकाच्या अभ्यासपाठासाठी वाडीवरच्या कामातून शिकलेले काहीतरी लिहावे, असा निरोप आला तेव्हा माझ्याकडे एक लेख तयार होता. ऑगस्टच्या सुरुवातीला मी तो लिहून ठेवला होता. कातकरी भगिनींचा गट, साठ पिशव्या, पहिली तोडणी, हसरे चेहरे, सगळे त्यात होते. दोन आठवड्यांनी तो कागद मी फाडला. त्याच्या जागी आज एका किड्याविषयी लिहिते. किडा तीन मिलिमीटरचा आहे, तरी पाठ थोडा लांबेल.

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभूने शास्त्री व परूशी यांना उंट आणि मुरकूट यांच्यावरून जे सुनावले ते आपल्याला माहीत आहे. पदविकेच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की त्या काळी धर्मनिष्ठ लोक द्राक्षारस फडक्यातून गाळून पीत, कारण त्यात पडलेले बारीक चिलट पोटात जाणे म्हणजे अशुद्ध होणे. मी महिला मंडळात या उताऱ्यावर अनेकदा बोलले आहे आणि दर वेळी उंटाविषयीच बोलले आहे. मुरकूट म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असे धरून पुढे जात आले. यंदा मुरकुटाने मला थांबवले.

आधी कामाची पार्श्वभूमी सांगते, म्हणजे नवीन वाचकांना अडचण होणार नाही. मालवण तालुक्यात आपण ज्या वाडीवर काम करतो तिथले बहुतेक लोक कातकरी आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तो धंदा गेला, जंगल गेले, आणि जमीन नावावर नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती विशेष दुर्बल आदिवासी गटांत मोडतात. दिवाळी झाली की कामाच्या शोधात घरे बंद होतात. वीटभट्टी, कोळसाभट्टी, चिरेखाण, जिथे मुकादम उचल देईल तिथे कुटुंब जाते. मुले बरोबर जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ येते. आठ बाया वाडीतच राहिल्या तर आठ घरांतली मुले शाळेत राहतील, एवढाच आमचा हिशेब होता. त्यासाठी घरात बसून, थोड्या जागेत, वर्षातले सात-आठ महिने चालेल असे काम हवे होते. ते धिंगरी अळंबीचे निघाले.

धिंगरी अळंबीला शेत लागत नाही. भाताचा पेंढा, पाणी, बियाणे आणि एक सावलीची खोली लागते. आपल्या देशात भाताच्या पेंढ्यावर ही अळंबी घेण्याचे प्रयोग साठ वर्षांपूर्वीच म्हैसूरला झाले. हिमाचलात सोलनला १९८३ पासून अळंबीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यातही किर्लोसचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेव्हा शिकायला दूर जावे लागत नाही. पावसाळा आणि हिवाळा हे आपल्या किनारपट्टीवर तिचे दिवस. एप्रिल-मेच्या उकाड्यात आम्ही काम बंद ठेवतो.

एका शेतकऱ्याने गोठ्याशेजारची चिरेबंदी खोली भाड्याने दिली. दहा बाय बाराची, शेणाने सारवलेली, एक खिडकी. जूनच्या शेवटी पहिल्या साठ पिशव्या भरल्या. पिशवीत बियाणे पसरते त्या काळात, म्हणजे पंधरा-वीस दिवस, खोलीत अंधार लागतो. म्हणून खिडकीला काळे प्लास्टिक लावले आणि दार बंद केले.

इथून गोष्ट बिघडू लागली, आणि कारण किडा नव्हे. कातकऱ्यांनी खोली घेतली, काळे प्लास्टिक लावले, दार बंद ठेवतात, एक बाई बॅटरी घेऊन आत जाते आणि लगेच दार लावून घेते. गावात कुणीतरी म्हणाले, आत गांजा लावलाय. दुसऱ्या दिवशी ते चहाच्या टपरीवर पोचले आणि तिसऱ्या दिवशी घरमालक माझ्याकडे आला. तो वाईट माणूस नाही, तो घाबरला होता. घाबरण्यासारखे होतेच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय गांजाचे झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्यासारख्यांच्या घराविषयी अशी अफवा उठली तर आपण हसून सोडू. कातकरी बाईविषयी उठली तर तिचा नवरा आधी चौकीत बसवला जातो आणि विचारपूस मागाहून होते, ही भीती वाडीत प्रत्येकाच्या मनात असते.

मी ठरवले की लपवण्यासारखे काही नाही, तर दार उघडेच ठेवू. प्लास्टिक काढले. ज्याला यायचे त्याने यावे, बघावे. आणि लोक आले. ग्रामपंचायतीतले आले, शाळेची मुले आली, पांढरे धागे पेंढ्यावर पसरलेले पाहून "हां काय ता?" म्हणत पिशव्या दाबून गेली. आठवड्याभरात अफवा मेली. मी मनातून खूष होते. त्याच उघड्या दारातून मुरकुटे आत आली.

गंमत अशी की जिथे कायद्याने परवानगी आहे, जसे कॅनडात २०१८ पासून, तिथे घरात दिव्याखाली गांजाची झाडे लावणाऱ्यांना हाच किडा छळतो. बंद खोली, ओली माती, ऊब आणि बुरशी एवढे मिळाले की त्याला पुरे. अफवा खोटी होती, पण किडा तोच निघाला.

आता तो ओळखायचा कसा ते पाहू. दिसायला बारीक डासासारखा, काळपट, लांब पायांचा, दोन-चार मिलिमीटरचा. डासासारखा चावत नाही. सरळ उडत नाही, ओल्या जागेवर धावतो, थोडा उडतो, पुन्हा बसतो. उजेडाकडे जातो. म्हणून खिडकीच्या चौकटीवर पहिल्यांदा दिसतो. केळ्यावर घिरट्या घालणारी लाल डोळ्यांची फळमाशी वेगळी, मोरीतली केसाळ पंखांची माशी वेगळी. मराठीत याला बुरशीमाशी म्हणता येईल. वाडीत मात्र सगळ्या बारीक उडणाऱ्यांना मुरकुटां म्हणतात, आणि मलाही तेच बरे वाटते.

उडणारी माशी अळंबी खात नाही. ती अंडी घालते. एक मादी शंभर ते दोनशे घालते, आणि तीही जिथे बुरशीचे धागे वाढत आहेत त्या ओल्या पेंढ्यात. चार ते सहा दिवसांत अळी निघते. अळी पांढरी, जवळजवळ पारदर्शक, बिनपायांची, आणि डोके काळे, चकचकीत. ही काळ्या डोक्याची खूण लक्षात ठेवावी. अळंबीवर कुबड्या पाठीची दुसरी एक माशी येते, तिच्या अळीला असे वेगळे डोके दिसत नाही. बुरशीमाशीची अळी दहा ते चौदा दिवस खाते. पेंढ्यातले पांढरे धागे खाते, मग अळंबीच्या देठात शिरून आतून बोगदे करते. मग कोष, तो तीन ते सात दिवस. मग माशी, तिचे आयुष्य साधारण आठवडा. अंड्यापासून माशीपर्यंत तीन ते चार आठवडे. जुलैच्या दहा तारखेला दार उघडले आणि ऑगस्टच्या मध्यावर खोलीत ढग दिसला, हे गणित मी पुढे कागदावर मांडले तेव्हा अगदी जुळले.

त्यांचे आणखी एक काम आहे. पायांना आणि अंगाला चिकटवून त्या हिरव्या बुरशीचे बीजकण आणि बारीक कोळी एका पिशवीवरून दुसरीवर नेतात. त्यामुळे एक पिशवी हिरवी पडली की चार दिवसांत शेजारच्या तिघींवर हिरवे डाग येतात, आणि आपल्याला वाटते की बियाणेच वाईट होते. मला तसेच वाटले. मी बियाणे देणाऱ्याला फोनवर बरेच बोलले. नंतर माफी मागावी लागली.

या सगळ्यात सगळ्यात उशीर कुणी केला, तर मी. बायांनी मुरकुटे माझ्या आधी पंधरा दिवस पाहिली होती, अळ्याही पाहिल्या होत्या. त्या मला बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. मृगाचा पाऊस पडला की वारुळावर जी अळंबी उगवते ती या बाया लहानपणापासून आणतात. कुठल्या वारुळावर कधी येणार, कुठली खायची, कुठल्या अळंबीला हात लावायचा नाही, हे त्यांच्याइतके मला कुणी सांगितलेले नाही. (ही वारुळावरची अळंबी वाळवीच्या संगतीनेच वाढते, म्हणून ती पिशवीत घेता येत नाही. मला हा प्रश्न दर सभेत विचारतात.) रानातल्या अळंबीत अळ्या असतातच. आणली की मिठाच्या पाण्यात ठेवायची, अळ्या वर येतात, पाणी ओतायचे, कालवण करायचे. गटातली सर्वांत मोठी मावशी मला म्हणाली, "अळमीत किडो असतोच गो ताय. त्येका काय झाला?"

मालवणातल्या एका हॉटेलवाल्याला मात्र तसे वाटले नाही. पर्यटकांच्या ताटात अळी निघाली. त्याने सगळी पाकिटे परत पाठवली आणि पुढची मागणी बंद केली. त्याला दोष देता येत नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच केले असते.

त्या संध्याकाळी खोलीत आम्ही नऊजणी बसलो. दुसऱ्या खेपेच्या पिशव्या जुलैच्या अखेरीस जुन्या पिशव्यांशेजारीच टांगल्या होत्या, त्याही आता गेल्यात जमा. गटाच्या खात्यातली रक्कम निम्मी झाली होती. एकीचा नवरा बाहेर उभा होता. मुकादमाची उचल घ्यायची की नाही, हे त्याला त्याच दिवशी सांगायचे होते. त्याला मी काय सांगणार? मी म्हटले, मला महिनाभर द्या. तो काही न बोलता निघून गेला. दोन दिवसांनी कळले की त्याने उचल घेतली नाही. माझ्या शब्दावर एका घराने आगाऊ पैसा नाकारला होता. त्यानंतर मला नीट झोप लागली नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

उपाय सुचवायला सगळेच तयार होते. मावशी म्हणाली, कडुनिंबाचा पाला जाळून धुरी द्या. आम्ही दिली. माश्या दारातून बाहेर गेल्या, धूर विरल्यावर परत आल्या. पण अळंबीला मोकळी हवा लागते, धुराने आणि कोंडलेल्या हवेने देठ लांबतात आणि छत्री बारीक राहते. दोन दिवसांत तसेच झाले. औषधाच्या दुकानात एक बाटली दाखवली, भाजीवर मारतात ती. ती मी घेतली नाही. अळंबीला साल नाही, ती स्पंजासारखी ओढून घेते, आणि तोडणी चार दिवसांवर असते. पिशवीवर मारलेले औषध सरळ ताटात जाते.

मग मी ज्यांना हे काम येते त्यांना विचारायला गेले आणि मला पहिलाच प्रश्न विचारला गेला: संपलेल्या पिशव्या कुठे टाकता? मी अभिमानाने सांगितले की टाकत नाही, खोलीच्या मागे ढीग केला आहे, त्याचे खत करून परसबागेला घालणार. समोरचे गृहस्थ गप्प बसले. मग म्हणाले, बाई, तुम्ही खोलीच्या मागच्या बाजूला माश्यांची शाळा काढली आहे. ढीग माझ्या कल्पनेतून आला होता. काही वाया जाऊ नये, ही माझी आईची शिकवण. पण कुजका ओला पेंढा हेच तर त्यांचे घर. दारातून काही माश्या आल्या असतील. खरी फौज त्या ढिगातून येत होती, चिऱ्याच्या भिंतीतल्या फटींतून.

लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय आपण सहसा वाचायला घेत नाही. या पाठासाठी त्याची ३३ ते ४८ वचने काढून ठेवावीत. घराच्या भिंतीत हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर काय करायचे, याची तिथे व्यवस्था दिली आहे. याजक येण्याआधी घर रिकामे करायचे. तो पाहील, घर सात दिवस बंद करील, पुन्हा येऊन पाहील. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर अशुद्ध जागी टाकायचे, भिंती खरवडायच्या, नवा गिलावा करायचा. वर्गात शिकताना हा अध्याय मला अतिशय रुक्ष वाटला होता. ऑगस्टमध्ये मी तो खोलीच्या उंबऱ्यावर बसून वाचला आणि प्रत्येक वाक्य कामाचे वाटले. घर रिकामे करा, पाहणी करा, थांबा, पुन्हा पाहा, घाण गावाबाहेर न्या. मात्र सात दिवस आमच्या खोलीला पुरले नसते. कोष जमिनीच्या भेगेत आठवडाभर पडून राहतो आणि त्यातून निघालेली माशी आणखी आठवडा जगते. आम्ही खोली तीन आठवडे रिकामी ठेवली.

चांगल्या-वाईट सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या. ज्यांत थोडी अळंबी येत होती त्याही. यावर दोघीजणी रडल्या. मागचा ढीग आणि या पिशव्या हातगाडीने वाडीपासून लांब नेल्या, खड्ड्यात टाकून वर वीतभर माती ओढली. खत तिथेच होईल. भिंतींतल्या फटी सिमेंटने बुजवल्या. सारवलेली जमीन हा मोठा प्रश्न होता, कारण शेण आणि ओल दोन्ही त्यांना हवे असते. घरमालकाने परवानगी दिली आणि आम्ही वरचा थर खरवडून काढला, पातळ कोबा केला. भिंतींना दोन हात चुना लावला. खिडकीला आधी साधी डासांची जाळी होती, तिच्यातून मुरकूट आरामात येते. इंचाला चाळीस भोकांची जाळी लागते. पण इतक्या बारीक जाळीतून हवा कमी येते. म्हणून समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी काढली आणि दोन्हींना तीच जाळी लावली.

दार हे सर्वांत महत्त्वाचे. आता दोन दारे आहेत, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. बाहेरचे लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही. आतले दार म्हणजे लाकडी चौकटीवर तीच जाळी. यामुळे अफवेचाही प्रश्न मिटला. बघणाऱ्याला बाहेरच्या दारात उभे राहून जाळीतून सगळे दिसते.

ऑक्टोबरमध्ये नवा पेंढा आला. नवा, कोरडा, पिवळा पेंढा घ्यावा. आदल्या वर्षीचा, पावसात भिजलेला घेतला तर हिरवी बुरशी पिशवीत आधीच बसलेली असते. पेंढ्याचे दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करायचे, रात्रभर पाण्यात भिजवायचे, मग ८० अंश तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवायचे. तापमापी घ्यावी, अंदाज चालत नाही. पूर्वी आम्ही वाफ दिसली की झाले म्हणायचो. निथळल्यावर मुठीत दाबला तर पाण्याचा थेंब पडू नये, हात मात्र ओला लागावा. जास्त ओला पेंढा म्हणजे मुरकुटांना आमंत्रण. थरावर थर बियाणे घालत पिशवी भरायची, बियाणे ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या दोन टक्के, तोंड बांधायचे, वीस-तीस बारीक भोके पाडायची. पांढरे धागे पूर्ण पसरले की प्लास्टिक काढून टांगायचे आणि दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारायचा. छत्रीच्या कडा वर वळण्याआधी तोडायचे. कडा वळल्या की बीजकण उडतात आणि रोज ते छातीत गेले तर खोकला, दमा जडतो. आमच्या बाया आता नाकावर फडके बांधल्याशिवाय आत जात नाहीत. हे मी आधीच सांगायला हवे होते.

सर्वांत मोठा बदल म्हणजे एका खोलीत एकाच वेळी एकाच वयाच्या पिशव्या. जुन्यांशेजारी नव्या टांगायच्या नाहीत. तीन तोडण्या झाल्या की सगळ्या बाहेर, खोली रिकामी, चुना, मग पुढची खेप. याने उत्पन्नात खंड पडतो आणि बायांना तो आवडत नाही. मलाही आवडत नाही. दुसरी खोली मिळेपर्यंत इलाज नाही.

आत आलेल्या माश्यांसाठी पिवळी कार्डे टांगली आहेत. पिवळा रंग त्यांना ओढतो. जाड पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासले की झाले. संध्याकाळी एक लहान दिवा आणि त्याखाली साबणाच्या पाण्याची परात. या दोन्हींनी माश्या संपत नाहीत, हे स्पष्ट सांगते. किती आहेत ते कळते. दर शनिवारी चौथीतली एक मुलगी कार्डावरच्या माश्या मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहिते. पहिल्या शनिवारी तीन होत्या. पुढच्या आठवड्यात एकदम एकोणीस झाल्या, तेव्हा सगळ्याजणी शोधायला लागल्या आणि पाण्याच्या पिंपामागे पडलेला मूठभर ओला पेंढा सापडला. तो काढल्यावर आकडा खाली आला.

हा पाठ फक्त वाडीसाठी नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी भगिनींनी मला विचारले आहे की घरातल्या कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडतात, ती कसली. ती हीच. नाताळात आपण चर्चमध्ये लाल पानांच्या पॉइन्सेटियाच्या कुंड्या ठेवतो, त्या झाडावर तर ती फार येतात. कोकोपीट घातलेल्या आणि रोज पाणी घातलेल्या कुंडीत, वरचा थर कायम ओला राहतो तिथे अंडी घालतात. पाणी कमी करा. वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नका. बशीत साठलेले पाणी ओतून द्या. अळ्या आहेत का हे पाहायचे असेल तर बटाट्याची चकती मातीवर ठेवावी. दोन-तीन दिवसांनी उलटून पाहिली की खाली काळ्या डोक्याच्या अळ्या जमलेल्या दिसतात. चकती अळ्यांसकट टाकून द्यावी, नवी ठेवावी. वर बोटभर जाडीचा कोरडा वाळूचा थर दिला तर अंडी घालायला जागा राहत नाही. मोठ्या झाडाचे फार बिघडत नाही. कोवळ्या रोपांची मुळे मात्र अळ्या कुरतडतात, म्हणून मिरची-वांग्याची रोपे करणाऱ्यांनी विशेष जपावे.

अळ्या मारणारा एक जिवाणूही आहे. डासांच्या अळ्यांसाठी तो जगभर वापरतात आणि या किड्याच्या अळ्यांवरही तो चालतो. अळीने खाल्ला तर अळी मरते, माणसाला, गुरांना, मधमाशीला काही होत नाही. उडणाऱ्या माशीवर त्याचा उपयोग नाही. आम्हाला मिळाले त्या पाकिटावर तो डासांसाठी म्हणून लिहिलेला होता, तेव्हा अळंबीवर आम्ही वापरला नाही. लेबलावर नसलेल्या पिकावर काही घालायचे नाही, हा नियम मी गटाला घालून दिला आहे. पण तो सापडला कुठे, हे वाचून मी थबकले. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात, बसोर ओहोळाच्या खोऱ्यातल्या एका साचलेल्या डबक्यात. तोच बसोर, जिथे दाविदाची दोनशे थकलेली माणसे सामानापाशी मागे राहिली आणि चारशे अमालेक्यांच्या मागे गेली (१ शमुवेल ३०).

ही गोष्ट मी गटात सांगितली ती किड्याच्या संदर्भात, गंमत म्हणून. मावशीने ती दुसऱ्याच ठिकाणी नेली. खोली रिकामी होती त्या तीन आठवड्यांत तिघीजणी चुना लावत, फटी बुजवत होत्या. पाचजणी भातकापणीच्या मजुरीला गेल्या होत्या, कारण घरात पीठ हवे होते. आता नव्या खेपेचे पहिले पैसे आले तेव्हा प्रश्न उभा राहिला होता की वाटे सारखे की कमी-जास्त. दाविदाने सारखे वाटले, हे ऐकून ती म्हणाली, "तुमच्या राजान बरोबर केल्यान. पण ती दोनशे दमलली होती. आमी दमलेलो नाय, आमी काम केला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी ठरले की तोडणीचे पैसे आठजणींत सारखे, आणि त्या तीन आठवड्यांच्या सफाईची अर्धी मजुरी तिघींना वेगळी. दारावरची पाळी आणि शनिवारची सफाईसुद्धा यापुढे वहीत कामाचे तास म्हणून लिहायची. आतापर्यंत वहीत फक्त तोडलेले किलो लिहीत होतो.

हॉटेलवाल्याकडे मी स्वतः गेले. पाकीट त्याच्यासमोर उघडून देठ उभे चिरून दाखवले. त्याने आठवड्याला चार किलो घ्यायचे कबूल केले आहे. आधी दहा घेत होता. बाकीची आठवडी बाजारात जाते, उरली तर उन्हात वाळवून ठेवतो. मावशीने पहिल्यांदाच पिशवीतली अळंबी स्वतःच्या घरी नेऊन कालवण केले आणि रानातल्या अळंबीची चव हिला नाही असे सांगितले. ते खरे आहे.

आठांपैकी सहा घरे आज वाडीत आहेत. दोन दिवाळीनंतर गेली, त्यांतल्या एका घरातली दोन मुले आजीपाशी राहिली आहेत आणि शाळेत जातात. ज्याने उचल नाकारली तो खोलीसाठी पेंढा कापतो आणि ड्रमखाली जाळ घालतो.

ज्या मंडळ्यांनी मदतीविषयी विचारले आहे त्यांच्यासाठी: सध्या गटाला पैशांपेक्षा चाळीस भोकांची जाळी वीस मीटर, दोन तापमाप्या आणि बाहेरच्या दारासाठी आपोआप मिटणारी मजबूत स्प्रिंग हवी आहे. आताची स्प्रिंग सैल झाली आहे आणि दार बोटभर उघडे राहते. गेल्या शनिवारी भिंतीवर अकरा आकडा लिहिला होता.